गिझर आवाज करतो, आरसीसीबी पडते, व्हॉल्व्ह ठिबकतो: नवा घ्यायचा की हाच दुरुस्त करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १५ लिटरचा, २ किलोवॉटचा, भिंतीवर उभा टांगलेला स्टोरेज गिझर. वय सहा वर्षं. छत्रपती संभाजीनगरची सोसायटी, पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. पाणी तापताना किटलीसारखा खदखद आवाज येतो. पूर्वी दोघांच्या आंघोळी व्हायच्या, आता एकाचीच होते. महिन्याभरात आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच) चार-पाच वेळा पडली. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब पाणी येतं. मेकॅनिकने वर बघून सांगितलं, "टाकी गेली, नवा घ्या."

यातल्या एकाही लक्षणावरून टाकी गेली असं म्हणता येत नाही. टाकी फुटल्याची खूण वेगळी असते: फ्लँज (टाकीच्या तळाला नटांनी बसवलेली धातूची चकती), वॉशर, कनेक्शन पाइप सगळं कोरडं असतं आणि तरीही बाहेरच्या बॉडीच्या सांध्यातून किंवा खालच्या झाकणाच्या कडेने पाणी झिरपतं, बरेचदा तांबूस. तुमच्या चार तक्रारींपैकी तीन एकाच गोष्टीच्या आहेत, ती म्हणजे क्षार. चौथी, म्हणजे व्हॉल्व्हचं ठिबकणं, कदाचित बिघाडच नसेल.

आधी क्षाराचा हिशेब बघू. दख्खनच्या बेसाल्टमधून झिरपून बोअरला येणाऱ्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापलं की ते फुटतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुनखडीसारखा कॅल्शियम कार्बोनेट खाली राहतो. तो सर्वांत आधी बसतो ते सर्वांत गरम जागेवर, म्हणजे एलिमेंटवर, पाणी तापवणाऱ्या विजेच्या नळीवर. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसाचं पाणी मिळतं, पुण्याला खडकवासल्याचं. हे धरणात साठलेलं पावसाचं पाणी, मऊ. तिथले लोक "आमचा गिझर दहा वर्षं उघडला नाही" असं सांगतात ते खरं असतं, पण तो सल्ला बोअरवाल्याच्या कामाचा नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० आहे. तुमचं पाणी ४०० चं धरू आणि रोज ६० लिटर पाणी गिझरमधून जातं असं धरू. दिवसाला २४ ग्रॅम, वर्षाला पावणेनऊ किलो क्षार त्या टाकीतून जातात. त्यातला शंभरावा भाग आत बसला तरी वर्षाला ८५-९० ग्रॅम होतो. सहा वर्षांत अर्धा किलो.

हा थर उष्णता जवळजवळ वाहतच नाही. तांब्याच्या मानाने त्याची उष्णता वाहण्याची क्षमता शंभराव्या हिश्शाहून कमी आहे. लोक म्हणतात की त्यामुळे वीजबिल वाढतं. खरं म्हणजे फारसं वाढत नाही, कारण एलिमेंट पाण्यात बुडालेलं आहे, त्याची उष्णता उशिरा का होईना पाण्यातच जाणार. नुकसान वेगळंच होतं. थराखाली अडकलेलं पाणी उकळून त्याची वाफ होते आणि फुटते, तोच तो खदखद आवाज. एलिमेंटची नळी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त तापते, तिला बारीक चीर पडते, चिरेतून पाणी आतल्या, वीज अडवणाऱ्या पांढऱ्या पावडरमध्ये शिरतं आणि करंट गळायला लागतो. तिसरं म्हणजे थर्मोस्टॅटची दांडी ज्या नळीत असते तीही क्षाराने एलिमेंटला चिकटते. तिला पाणी आहे त्यापेक्षा गरम वाटतं, थर्मोस्टॅट लवकर तोडतो आणि पाणी कोमटच राहतं. दोघांच्या आंघोळींतली एक कमी झाली ती इथे. टाकीतल्या क्षाराने अडवलेली जागा वेगळीच.

उघडण्याआधी करायच्या तपासण्या

पहिल्यांदा नेमकं काय पडतं ते बघा, एमसीबी (करंट प्रमाणाबाहेर वाढला की तोडणारी) की आरसीसीबी. टेस्टचं बटण असलेली ती आरसीसीबी. २ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टला ८.७ अँपिअर घेतो, व्होल्टेज २५० झालं तर साडेनऊ. त्याला १० अँपिअरची एमसीबी लावली असेल तर ती बंद बोर्डात तापून अधूनमधून पडणारच, गिझरचा दोष नसतानाही. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १६ अँपिअरची एमसीबी ही योग्य जोडी आहे. तुमच्याकडे पडते ती आरसीसीबी, म्हणजे करंट कुठेतरी गळतो आहे. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकते. त्याहून कमी गळतीला ती पडत नाही, पण अर्थिंग तुटलेलं असेल तर नळाला हात लावल्यावर मुंग्या येतात. मुंग्या येणं म्हणजे एक नव्हे, दोन बिघाड आहेत असं समजा: एलिमेंट गळतं आहे आणि अर्थिंगही नाही. अशा वेळी गिझर त्याच क्षणी बंद, आणि अर्थिंग नीट होईपर्यंत बंदच.

कधी पडते तेही सांगून जातं. स्विच दाबताच पडते तेव्हा एलिमेंट पूर्ण गेलेलं असतं किंवा वायर कुठेतरी बॉडीला चिकटलेली असते. पाच-दहा मिनिटांनी पडते तेव्हा चीर बारीक असते आणि तापल्यावर उघडते. स्विच बंद असतानाही पडत असेल तर गोंधळू नका. साधा एक-पोल स्विच फक्त फेज तोडतो, न्यूट्रल एलिमेंटला जोडलेलाच राहतो. एलिमेंटमधून न्यूट्रल अर्थला लागला की घरातल्या दुसऱ्या उपकरणांचा थोडा करंट त्या वाटेने जातो आणि आरसीसीबी पडते. म्हणूनच गिझरला डबल पोल स्विच हवा. टॉप, म्हणजे गिझरचा प्लग, काढल्यावर पडणं थांबलं तर दोष गिझरमध्येच आहे.

सॉकेटचं तोंडही बघा. पिना तपकिरी झाल्या असतील, प्लास्टिक सुरकुतलं असेल तर सॉकेट आणि टॉप दोन्ही बदलायचे. एकच बदलला तर जुना सैल भाग नव्यालाही जाळतो.

मग मल्टीमीटर. टॉप काढून, खालचं झाकण उघडून, एलिमेंटच्या दोन्ही टोकांच्या वायरी सोडवून मोजा. २ किलोवॉटच्या एलिमेंटचा रोध साधारण २६ ओहम येतो, ३ किलोवॉटच्या इन्स्टंटचा साडेसतरा. काहीच दाखवत नसेल तर एलिमेंट आतून तुटलं आहे. त्यानंतर मीटर सर्वांत वरच्या रेंजवर ठेवून एक टोक एलिमेंटच्या टर्मिनलला आणि दुसरं फ्लँजच्या धातूला लावा. मीटरने अनंत दाखवायला हवं. किलोओहममध्ये आकडा आला तर एलिमेंट गेलं, ते घासून-पुसून सुधारणार नाही. मीटरने अनंत दाखवूनही आरसीसीबी पडत असेल तर वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासून घ्या. मल्टीमीटरच्या कमी व्होल्टेजला जे दिसत नाही ते तिथे दिसतं. थंड असताना एक मेगाओहमपेक्षा कमी आला तर बदला. बरीच वर्षं दुकानात पडून असलेलं नवं एलिमेंटही कधी कधी कमी दाखवतं, कारण आतली पावडर हवेतली ओल ओढते. ते उन्हात वाळवून पुन्हा मोजावं.

थंड गिझरमध्ये थर्मोस्टॅट आणि कटआउट (पाणी प्रमाणाबाहेर तापलं की वीज तोडणारी कळ) दोन्ही जोडलेल्या स्थितीत असतात, म्हणजे मीटर शून्याजवळ दाखवतो. कटआउट पडला असेल तर त्याचं लहान बटण दाबून तो पुन्हा बसतो. पण का पडला ते शोधल्याशिवाय नुसतं बटण दाबून मोकळं होऊ नये. बहुधा थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटलेले असतात, पाणी तापतच राहतं आणि शेवटचा पहारेकरी म्हणून कटआउट तोडतो. "सारखा पडतो" म्हणून दोन वायरी एकत्र पिळून कटआउट डावलण्याची पद्धत फार प्रचलित आहे. गिझर फुटल्याच्या बातमीमागे बहुतेक वेळा हे किंवा बंद केलेला सेफ्टी व्हॉल्व्ह, यांपैकी एक असतं.

उघडणे आणि साफ करणे

सामान आधी आणून ठेवा: त्याच मॉडेलचं एलिमेंट, फ्लँजचं नवं गॅस्केट, मॅग्नेशियमचा अॅनोड, कनेक्शन पाइपचे दोन रबरी वॉशर, टेफ्लॉन टेप, बॉक्स पान्हा. गॅस्केट जुनंच परत वापरू नका. एकदा दबलेलं रबर दुसऱ्यांदा त्याच खाचेत बसत नाही, आणि त्याच्या खाली नेमकी सगळी वायरिंग असते. "थोडं एम-सील लावू" किंवा "सिलिकॉन भरू" म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत पाठवा.

एमसीबी बंद करून टॉप काढा. गरम पाणी नळातून थंड होईपर्यंत वाहू द्या. मग गिझरच्या इनलेटचा अँगल कॉक बंद करा आणि गरम नळ उघडाच ठेवा. उभ्या गिझरमध्ये आउटलेटची नळी आत वरपर्यंत गेलेली असते आणि इनलेटची खाली आखूड असते. म्हणून टाकी रिकामी होते ती इनलेटचा पाइप सोडवल्यावर तिथूनच, आणि वरून हवा शिरल्याशिवाय होत नाही. नळ उघडूनही धार थांबली तर आउटलेटचा पाइप सोडवा, लगेच धो धो सुरू होईल. खाली बादली धरा. १५ लिटर म्हणजे पूर्ण एक बादली, हे विसरून लोक टमरेल घेऊन उभे राहतात. तरीही तळाशी अर्धा-पाऊण लिटर राहतं, ते फ्लँज सैल करताच अंगावर येतं.

वायरी सोडण्याआधी मोबाइलवर दोन बाजूंनी फोटो काढा. थर्मोस्टॅट सरळ खाली ओढून काढा. फ्लँजचे नट समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत जा, एकच बाजू आधी पूर्ण सोडली तर फ्लँज वाकते. सहा वर्षांत ती चिकटलेली असेल. कडेने हलकेच ठोकली की सुटते. मध्ये पेचकस घालून उचकटलं तर गॅस्केट बसायच्या कडेवर चरे पडतात आणि मग ती जागा कायम पाझरते.

एलिमेंट बाहेर येताना कधी कधी क्षारामुळे इतकं जाड झालेलं असतं की भोकातून निघत नाही. ओढाताण करू नका, बोटांनी आणि लाकडी पट्टीने खपल्या मोडून आत पाडा. टाकीच्या तळातला भुगा हाताने किंवा प्लास्टिकच्या चमच्याने काढा. काचेचा लेप असलेल्या टाकीत स्क्रूड्रायव्हर, तारेचा ब्रश काहीही नको. लेपाचा टवका उडाला की तिथून पत्रा गंजायला सुरुवात होते. मग आउटलेटच्या बाजूने नळीने पाणी सोडा, उरलेला भुगा खालच्या तोंडातून पडतो.

एलिमेंट विजेच्या तपासणीत नापास झालं असेल तर ते साफ करण्यात वेळ घालवू नका, टाकून द्या. तुमच्याकडे हीच शक्यता जास्त आहे. पास झालं असेल तर लिंबूसत्त्व, म्हणजे किराणा दुकानातलं सायट्रिक अॅसिड, हे उत्तम. पाच लिटर कोमट पाण्यात ३०० ग्रॅम विरघळवा आणि एलिमेंट उलटं धरून, टर्मिनल पाण्याबाहेर ठेवून दोन-तीन तास बुडवा. बुडबुडे येतात तोवर काम चालू असतं. पण ३०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड हिशेबाने जेमतेम सव्वादोनशे ग्रॅम क्षार विरघळवतं, त्यामुळे जाड खपल्या आधी हाताने काढून मगच भिजवायचं. उकळतं पाणी घेऊ नका, तापलेल्या द्रावणात कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा साका बसतो. शौचालय साफ करायचं अॅसिड मात्र कधीही नाही. त्यातल्या क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलच्या टाकीला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. ती आज दिसत नाहीत, सहा महिन्यांनी टाकी गळते आणि दोष कंपनीला जातो.

नवं एलिमेंट घेताना वॉट तेच, फ्लँजच्या भोकांचं अंतर तेच, लांबी तीच. "तीन किलोवॉटचं टाका, लवकर तापेल" हा सल्ला तीच वायर, तोच थर्मोस्टॅट ठेवून ऐकू नका; १३ अँपिअर त्यांच्यातून जाणार आहेत. बोअरच्या पाण्याला तांब्याच्या नळीपेक्षा इन्कोलॉयचं (निकेल-लोखंड-क्रोमियमच्या मिश्रधातूचं) किंवा काचेचा लेप दिलेलं एलिमेंट जास्त टिकतं. दरात काही शे रुपयांचा फरक पडतो, तो द्यावा.

अॅनोड, ज्याची कुणी चौकशी करत नाही

फ्लँजवर एलिमेंटशेजारी बोटाएवढी जाड राखाडी दांडी असते, तो मॅग्नेशियमचा अॅनोड. लोखंडाच्या टाकीऐवजी स्वतः झिजायचं, एवढंच त्याचं काम. मॅग्नेशियम लोखंडापेक्षा कितीतरी सहज विरघळतं, त्यामुळे लेपाच्या बारीक भेगेतून पाणी पत्र्यापर्यंत पोहोचलं तरी गंज पत्र्याला न लागता दांडीला लागतो. दांडी संपली की पुढचा नंबर टाकीचा. पाण्यातले क्षार जितके जास्त तितकी ती लवकर संपते, आणि घरात मिठाचा सॉफ्टनर लावला असेल तरी तपासणी सोडता येत नाही. मऊ केलेल्या पाण्यातही वीज चांगली वाहते. दांडी निम्म्याहून बारीक झाली किंवा आतली तार दिसायला लागली की बदला. सहा वर्षांच्या तुमच्या गिझरमध्ये बहुधा नुसती तारच उरलेली निघेल.

काही कारागीर "याचा काही उपयोग नाही" म्हणून दांडी न लावताच फ्लँज बंद करतात. त्यांच्यासमोर उभे राहा. एक अपवाद: गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल आणि थंड पाण्याला येत नसेल, तर बोअरच्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जंतू आणि मॅग्नेशियम यांच्या संगतीचा तो परिणाम असतो. तेव्हा दांडी काढून टाकायची नाही, अॅल्युमिनियम-जस्ताची दांडी मिळवून लावायची.

परत बसवताना

टाकीची आणि फ्लँजची कड कोरड्या कापडाने पुसून गॅस्केट खाचेत बसवा. नट समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. जीव खाऊन नाही. रबर बाजूला फुगून बाहेर आलं तर जास्त झालं. आता वायरी न जोडता, झाकण न लावता पाणी सोडा आणि गरम नळ उघडा ठेवा. आधी हवा फुसफुसत येईल, मग तुटक धार, मग सलग. सलग धार सुरू झाली म्हणजेच टाकी भरली. नळ बंद करून पूर्ण दाबाखाली पंधरा मिनिटं थांबा आणि फ्लँजभोवती कागदी रुमाल फिरवा. ओल हाताला कळत नाही, कागदाला कळते.

कोरडं राहिलं तरच वायरी जोडायच्या. अर्थची वायर फ्लँजच्या बोल्टवर घट्ट, खाली रंग-गंज खरवडून. टर्मिनल सैल राहिलं तर ते महिन्याभरात काळं पडतं. मग आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून ती पडते का बघा आणि गिझर चालू करा. २५ अंशांचं १५ लिटर पाणी ६० पर्यंत न्यायला ०.६१ युनिट आणि सुमारे १८ मिनिटं लागतात; २५ लिटरच्या गिझरला अर्धा तास. दिवा विझायला याहून फार वेळ लागला तर व्होल्टेज मोजा. १९० व्होल्टला तुमचं २ किलोवॉटचं एलिमेंट जेमतेम १३६५ वॉट देतं आणि त्याच कामाला २७ मिनिटं लागतात. शेतीपंप सुरू झाल्यावर गावाकडचा गिझर "बिघडतो" तो असा.

रिकाम्या टाकीत एलिमेंट चालू केलं तर मिनिटा-दोन मिनिटांत जळतं. सोसायटीची टाकी धुण्याच्या दिवशी लाइन रिकामी होते, आणि गिझरच्या इनलेटला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारा) नसेल तर गिझरमधलं पाणीही खाली ओढलं जातं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा गिझर लावताना आधी गरम नळ उघडून धार बघायची, मग स्विच.

सेफ्टी व्हॉल्व्ह का ठिबकतो

पाणी तापलं की फुगतं. २५ अंशांवरून ६५ वर जाताना सुमारे पावणेदोन टक्के. १५ लिटरच्या टाकीत म्हणजे पाव लिटर, २५ लिटरच्या टाकीत चारशे मिलिलिटरच्या वर. पाणी दाबलं जात नाही, मागे जायला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आडवा, पुढे नळ बंद. मग ते सेफ्टी व्हॉल्व्हमधूनच बाहेर पडणार. तेच त्याचं काम आहे. व्हॉल्व्हच्या तोंडाखाली टमरेल ठेवा. तापताना पाव लिटरच्या आत पाणी आलं आणि नंतर थांबलं तर काहीही बिघडलेलं नाही. एक बारीक नळी लावून ते पाणी जाळीकडे सोडा. तोंड बंद करायचं नाही, त्याला बुच मारायचा नाही. ठिबकणं बंद झालं म्हणून तुम्ही खूश व्हाल, आणि वाढलेला दाब बाहेर पडायला वाट मात्र उरणार नाही.

गिझर थंड असतानाही ठिबकत असेल तर दोन शक्यता. एक, बैठकीवर क्षाराचा कण अडकला आहे. व्हॉल्व्हची कांडी दोन-चार वेळा उचलून पाण्याच्या धारेने तो धुऊन काढा, न थांबल्यास व्हॉल्व्ह बदला. दोन, लाइनचाच दाब जास्त आहे. गच्चीवरच्या टाकीपासून दर १० मीटर खाली सुमारे एक बार दाब वाढतो, सात मजली इमारतीच्या तळमजल्यावर दोनाच्या वर जातो. त्यात प्रेशर पंप असेल तर आणखी दोनेक. घरगुती स्टोरेज गिझरपैकी बरेच ८ बारपर्यंतचे असतात, पण सगळे नाहीत, आणि पाटीवर आकडा लिहिलेला असतो. उंच टॉवरमध्ये खालच्या मजल्यांवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागतो. तो सोसायटीने लावला आहे का विचारा. कांडी दर तीन महिन्यांनी एकदा उचलत राहा, नाहीतर कठीण पाण्यात ती क्षाराने घट्ट होते आणि खऱ्या प्रसंगी उघडत नाही.

गिझर ठीक, तरी पाणी कोमट

हे वेगळं सांगतो कारण यात चांगले गिझर भंगारात जातात. बाथरूममध्ये मिक्सर आहे आणि त्याच्या तोंडाला जेट स्प्रे किंवा बंद करता येणारा शॉवर आहे. दोन्ही बाजू उघड्या ठेवून पुढचं तोंड बंद केलं की थंड लाइनचा दाब जास्त असल्याने थंड पाणी मिक्सरमधूनच गरम लाइनमध्ये शिरतं. मग शेजारच्या बेसिनला कोमट पाणी येतं, किंवा उलट थंड नळातून गरम. परीक्षा सोपी आहे: गिझरचा इनलेट कॉक बंद करून गरम नळ उघडा. काही सेकंदांत धार थांबायला हवी. चालूच राहिली तर थंड पाणी कुठल्यातरी मिक्सरमधून फिरून येतं आहे. मिक्सरचं कार्ट्रिज किंवा वॉशर बदला, गिझरला हात लावू नका.

जुन्या घरात गिझरच्या आउटलेटला साधा पीव्हीसी पाइप जोडलेला सापडतो. तो ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि जोडावर वाकतो. गरम लाइन सीपीव्हीसीचीच (गरम पाणी सोसणाऱ्या पीव्हीसीची) हवी.

पुढे किती काळजी घ्यायची

बोअरच्या पाण्याला वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, फ्लँज उघडून एलिमेंट आणि अॅनोड बघायचे. धरणाच्या पाण्याला तीन वर्षांनी पुरेल. थर्मोस्टॅटची कळ बाहेर असेल तर ती ५५ अंशांजवळ ठेवा. ६० च्या वर क्षार झपाट्याने बसतात. फार खाली, ४०-४५ वर दिवसेंदिवस ठेवणंही बरं नाही, तेवढ्या कोमट पाण्यात लीजनेलासारखे जंतू वाढतात; आठवड्यातून एकदा पूर्ण तापवून घ्या. पाइपवर बांधायची चुंबकं विकतात त्यांवर भिस्त ठेवून ही वार्षिक उघडणी टाळू नका.

नवा गिझर कधी घ्यायचा? टाकीच गळत असेल तर. तिला वेल्डिंग करता येत नाही, फोमच्या आत असते आणि लेप जळतो. किंवा फ्लँजची कड गंजून खाल्ली गेली असेल तर. आणि घेण्यापूर्वी जुन्याचं बिल शोधा. टाकीची वॉरंटी एलिमेंटपेक्षा बरीच लांब असते आणि सहाव्या वर्षी ती चालू असू शकते. अटींमध्ये पाण्याच्या क्षारांची मर्यादा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह कंपनीचाच असण्याची अट असते, तीही वाचा. तुमच्या गिझरला मात्र टाकी कोरडी निघाली तर एलिमेंट, गॅस्केट, अॅनोड आणि दोन तासांची मजुरी, एवढाच खर्च आहे.

मे महिन्यात गावी जाऊन तीन-चार आठवड्यांनी परत येणार असाल तर आणखी एक. झिजणारा मॅग्नेशियम पाण्यातून थोडा थोडा हायड्रोजन सोडत असतो, आणि नळ न उघडल्याने तो टाकीच्या डोक्यावर साठतो. परत आल्यावर खिडकी उघडून, जवळ काडी-निरांजन-गॅस काही पेटलेलं नसताना, गरम नळ दोन मिनिटं सोडा. फुसफुस थांबून धार सलग झाली की स्विच लावा.